बालपरवेशी आणि पार्ट टू ऑर्डर

साड्या, बांगड्या, खणाचे ब्लाउजपीस घ्यायला आपण साऱ्याजणी वर्षानुवर्षं सुलतान बाजारात जातो. या बाजाराचं जुनं नाव रेसिडेन्सी बाजार होतं, हे मात्र आता थोड्याच जणींना ठाऊक असेल. जवळच कोठीला मोठ्या खांबांची ती इमारत आहे ना, जिथे १९४९ मध्ये मुलींचं कॉलेज आलं आणि जिथे माझं बी.ए. झालं, ती मूळची इंग्रज रेसिडेंटची हवेली. जेम्स कर्कपॅट्रिक याने ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला उठवली. हवेलीभोवतीचा बाजार निजामाच्या राज्यात, पण हुकूम इंग्रजांचा. १९३३ साली तो निजाम सरकारकडे परत आला आणि सुलतान बाजार झाला.

त्या हवेलीत एक हिशेब कधी बंद पडत नसे, फौजेच्या पगाराचा. हेन्री रसेल रेसिडेंट असताना निजामाच्या नावाने एक फौज उभी राहिली. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, पगार मात्र निजामाने द्यायचा. पुढे तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणू लागले. खर्च वर्षाला चाळीस लाखांच्या आसपास. तिजोरीत तेवढं नसायचं, मग पामर कंपनीकडून आणि सावकारांकडून कर्ज काढायचं, त्याच्यावर व्याज, व्याजासाठी पुन्हा कर्ज. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे समजावून सांगायला नको. शेवटी १८५३ साली डलहौसीने थकबाकीपोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब लिहून घेतले. १८६० साली धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड राहिलं ते राहिलंच. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये देण्याच्या बोलीवर ते कायमचं भाड्याने घेतलं.

कॉलेजात आम्ही हे सगळं तहाची कलमं म्हणून पाठ केलं. त्याच हवेलीत बसून केलं, तरी एकीच्याही मनात आलं नाही की हा पगार जात कुठे होता. हिंगोली, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, एलिचपूर म्हणजे अचलपूर, या छावण्यांत शिपायांची बिऱ्हाडं होती. वऱ्हाडातल्या कापसाच्या पैशावर त्या चुली पेटत होत्या. एक अख्खा मराठी मुलूख शिपायांच्या पगारापायी हातचा गेला, मग त्या शिपायाच्या बायकोचं नाव कुठल्या वहीत होतं? तो रणात पडला तर तिला कोण विचारत होतं? या लेखात मला एवढाच धागा धरायचा आहे.

आपल्या दख्खनमध्ये हा विचार इंग्रजांच्या फार आधीपासून आहे. कानडी शिलालेखांत 'नेत्तर गोडगे' असा शब्द येतो. नेत्तर म्हणजे रक्त आणि कोडगे म्हणजे दिलेलं दान. लढाईत पडलेल्याच्या घरच्यांना जमीन तोडून दिली जाई, तिचं हे नाव. रक्ताची जमीन! मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रात गावच्या वेशीला किंवा देवळामागे वीरगळी उभ्या असतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला घेऊन चालल्या आहेत, वरती तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. काही ठिकाणी पिंडीच्या जागी जिनमूर्ती असते. अहिंसा सांगणाऱ्या समाजातल्या बाईने फौजेवर कशाला लिहावं, असं मला एका श्रावकांनी विचारलं होतं, त्यांना मी या वीरगळींचंच उत्तर दिलं. श्रवणबेळगोळचा बाहुबली उभा करवणारा चावुंडराय गंगांचा सेनापती होता, हेही सांगितलं. सैन्यातली घरं आपल्याला परकी नाहीत.

वीरगळीशेजारी कधी कधी सतीशिळा असते. तिच्यावर बाईचा नुसता हात कोरलेला असतो. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला. चेहरा नाही आणि बहुतेक ठिकाणी नावही नाही. पुरुषाची पूर्ण कथा आणि बाईचा हात! श्रवणबेळगोळला मात्र सावियब्बे नावाच्या एका श्राविकेची शिळा आहे. पतीबरोबर ती बागियूरच्या लढाईवर गेली आणि तिथेच पडली. शिळेवर ती घोड्यावर आहे, हातात तलवार, समोर हत्तीवरचा शत्रू. नाव आहे, धर्म आहे, पराक्रम आहे. पण नाव कोरलं जायला तिला स्वतः रणात जावं लागलं, हे विसरून चालत नाही.

शिवरायांच्या काळात हा विचार रोकडा झाला. अफजलखानाच्या प्रसंगानंतर, १६५९ साली, महाराजांनी काय केलं ते सभासदाने बखरीत लिहून ठेवलं आहे. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतलं. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मं वेतन बांधून दिलं. जखमींना जखम पाहून पंचवीस होनांपासून दोनशे होनांपर्यंत दिले. आजच्या पेन्शनच्या नियमांत वेगळं काय असतं? वारस कोण, हिस्सा किती, जखम केवढी. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी सह्याद्रीत हा तक्ता तयार होता.

पेशवाईच्या कागदांत याला शब्द आहे, बालपरवेशी. लढाईत कामी आलेल्याच्या पोराबाळांसाठी सरकारातून होणारी नेमणूक. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसूच आलं. आपल्या हैदराबादेत उठताबसता 'बच्चों की परवरिश' म्हणतात ना, तीच ही परवरिश. पुण्याला जाऊन ती परवेशी झाली आणि तिच्यामागे 'बाल' लागलं. मला हा शब्द पेन्शनपेक्षा जवळचा वाटतो. पेन्शनमध्ये नोकरीचा हिशेब आहे, परवेशीत मूल वाढवणं आहे. मात्र या शब्दातही मुलाची आई कुठे दिसत नाही. ती मुलामागून येते.

आणि हे सगळं मिळायचं तर एक गोष्ट आधी नक्की व्हावी लागे. शिपाई मेला आहे, हे.

इथून पानिपतावर यावं लागतं. पानिपत आपल्याला दूरचं वाटतं, पण ती फौज निघाली आपल्याच अंगणातून. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाचा पराभव केला आणि मार्चमध्ये परतूरहून ते उत्तरेकडे निघाले. उदगीर आज लातूर जिल्ह्यात, परतूर जालना जिल्ह्यात. त्यांच्या तोफखान्याचा सरदार इब्राहिमखान गारदी हाही आधी निजामाच्या चाकरीत होता. माझं माहेर लातूरकडचं. उदगीरच्या किल्ल्यात लहानपणी सहलीला गेलेल्या आम्हा मुलींना लढाई सांगितली होती, परतूरची छावणी कोणी सांगितली नाही. त्या छावणीत बायकाही होत्या. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई नवऱ्याबरोबर थेट पानिपतापर्यंत गेल्या.

१४ जानेवारी १७६१ ला काय झालं ते सर्वांना माहीत आहे. विश्वासराव पडले, भाऊ गर्दीत दिसेनासे झाले. पार्वतीबाईंना विश्वासू माणसांनी कसंबसं तिथून काढून दक्षिणेत आणलं. शुजाउद्दौल्याच्या छावणीतल्या काशीराज पंडिताने लिहून ठेवलं आहे की भाऊंचं शिर नसलेलं धड ओळखून त्याचं दहन झालं. पुण्यात किती जणांचा त्यावर विश्वास बसला कोण जाणे. पार्वतीबाईंचा बसला नाही. त्यांनी कुंकू पुसलं नाही, मंगळसूत्र उतरवलं नाही. मुख्य म्हणजे पेशव्यांच्या घरानेही ते उतरवायला लावलं नाही. त्या काळी, त्या घरात, ब्राह्मण विधवेचे नियम काय होते ते आठवा म्हणजे ही गोष्ट किती मोठी होती ते कळेल. केशवपन नाही, लाल आलवण नाही, अंधाऱ्या खोलीतला कोपरा नाही. 'माझा नवरा येईल' असं एका बाईने म्हटलं आणि सगळ्या वाड्याने ते ऐकून घेतलं.

पुढे खरोखरच एक माणूस 'मी भाऊ' म्हणत उभा राहिला. तोतया. तो कनोजा ब्राह्मण निघाला, पण तोपर्यंत त्याच्यामागे मोठमोठी माणसं गेली होती, किल्लेही गेले होते. १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. या बंडाचा राजकीय इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. वाड्यात बसून रोज नवी बातमी ऐकणाऱ्या बाईच्या मनाचं त्या पंधरा वर्षांनंतर काय झालं असेल, ते कोणी लिहिलं नाही. पार्वतीबाई १७८३ मध्ये गेल्या. त्यांच्याबरोबरच भाऊसाहेबांचंही उत्तरकार्य केलं गेलं. बावीस वर्षं बाई जिवंत होती म्हणून नवराही जिवंत होता.

त्या पेशव्यांच्या घरातल्या म्हणून हे चाललं. पानिपतावर हरवलेल्या हजारो शिलेदार-बारगिरांच्या बायकांचं काय झालं असेल? त्यांना कुंकू ठेवू दिलं असेल का? बातमी नाही म्हणून परवेशीही नाही, अशी किती घरं असतील?

दीडशे वर्षांनी तेच झालं, फक्त लढाई परमुलखातली होती. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमाराला अडकल्या. जवळजवळ पाच महिने वेढा, घोडे मारून खायची पाळी, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. तापलेल्या वाळवंटातून चालवत नेताना आणि पुढे कैदेत किती मेले त्याला गणती नाही. ही माणसं सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या खेड्यांतली. साताऱ्याच्या एकट्या अपशिंगे गावाचे ४६ जण त्या युद्धात कामी आले. आजही त्या गावाला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. त्या गावांत वाचता येणाऱ्या बायका किती असणार! पत्र आलं तर मास्तरांकडे न्यायचं, मनिऑर्डर आली तर अंगठा उठवायचा आणि बंद झाली की समजायचं.

त्या युद्धाने सरकारला मदतीची यंत्रणा उभारायला लावली हेही खरं. हातपाय गमावलेल्या शिपायांना धंदा शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघालं. ते नंतर पुण्याजवळ खडकीला गेलं आणि आजही चालू आहे. १९१९ मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड झालं, त्याचंच आजचं रूप म्हणजे केंद्रीय सैनिक बोर्ड. त्याच्या खाली राज्याचं, त्याच्या खाली जिल्ह्याचं कार्यालय. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वज दिन पाळतात, शाळेत मुलांच्या शर्टाला छोटा झेंडा टाचून रुपया-दोन रुपये घेतात ना, तो पैसा या घरांसाठी असतो. माझ्या मुलाने एकदा तो झेंडा पंधरा ऑगस्टचा समजून जपून ठेवला होता. आपणच मुलांना सांगत नाही.

आता १९७१. हिच्यावर मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण ही गोष्ट आपल्या काळातली आहे.

दमयंती सुभेदार ही बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेती. १९७० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास वायुदलातल्या फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांच्याशी तिचं लग्न झालं. लग्नाला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती आणि डिसेंबरमध्ये युद्ध सुरू झालं. ५ डिसेंबरला तांबे यांचं विमान पाकिस्तानात पडलं. त्याच दिवसांत एका पाकिस्तानी इंग्रजी वर्तमानपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली, तिच्यात एक नाव होतं 'टॉम्बे'. टॉम्बे नावाचा दुसरा कोणी वैमानिक आपल्याकडे नव्हता. तांबेंच्या घरच्यांनी तो कागद जिवापाड जपला. पुढे दोन्ही देशांनी युद्धकैदी सोडले, आपण नव्वद हजारांहून अधिक पाकिस्तानी कैदी परत पाठवले. तांबे आले नाहीत. १९७९ मध्ये लोकसभेत बेपत्ता सैनिकांची यादी मांडली गेली. पुढे बेपत्तांची यादी ५४ जणांची म्हणून ओळखली जाऊ लागली. पाकिस्तान सतत सांगत आला की आमच्याकडे कोणी नाही.

दमयंती तांबे यांनी दुसरं लग्न केलं नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरी केली आणि दर सरकारच्या दारात जात राहिल्या. जून २००७ मध्ये बेपत्तांच्या नातेवाइकांना पाकिस्तानातले तुरुंग पाहायला नेण्यात आलं, त्यात त्याही होत्या. छत्तीस वर्षांनी, हातात तरुण नवऱ्याचा फोटो. कोणी सापडलं नाही. तो फोटोतला माणूस आता ओळखू आला असता का, हा प्रश्न मला वाचताना पडला. त्यांना तो किती वेळा पडला असेल!

कायद्याने सात वर्षं ज्याची बातमी नाही त्याला मृत धरता येतं. नियम वाईट नाही. बाईला पैसा मिळावा, घर तिच्या नावावर व्हावं, हवं तर पुन्हा लग्न करता यावं, यासाठीच तो आहे. पण पूर्ण पेन्शन हवं तर 'मृत समजण्यात आले' हा कागद हातात घ्यावा लागतो. ज्या बाईचं मन तो कागद घ्यायला तयार नाही, तिच्यासाठी कुठलाही रकाना नाही. पार्वतीबाईंना शनिवारवाड्याने बावीस वर्षं असा एक रकाना मनाने आखून दिला होता. पुढच्या कुठल्याही सरकारला ते जमलं नाही. पेशव्यांवर टीका करायची ती आपण करतोच, हेवेदावे होते, भेदभाव होते, सगळं खरं. पण या एका बाबतीत त्या घराने शहाणपण दाखवलं, असं माझं मत आहे.

नवरा गेल्याचं नक्की असतं तिथे निदान मदतीला सुरुवात होते. तिथेही बाईला पुरावा द्यावा लागतो, तो नात्याचा. शौर्यपदकाबरोबर दर महिन्याला भत्ता मिळतो. वीर गेल्यावर तो पत्नीला मिळायचा, पण तिने दुसरं लग्न केलं की बंद. अपवाद एकच, तिने मृत नवऱ्याच्या भावाशी लग्न केलं तर चालू! म्हणजे पैसा घराबाहेर जाता कामा नये. बाई दिराच्या चुलीवर गेली तर वीराची पत्नी, दुसरीकडे गेली तर परकी. ही अट संरक्षण मंत्रालयाने काढली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. अगदी काल-परवा. उत्तरेकडच्या काही समाजांत दिराशी लग्नाची चाल आहे, तिथल्या रिवाजावरून नियम आला असावा. आपल्या मराठी घरांत दीर म्हणजे धाकट्या भावासारखा. त्या अटीपुढे आपल्या बायकांनी काय करायचं, याचा विचार नियम लिहिणाऱ्याने केला नव्हता.

म्हणून काही उदाहरणं मन शांत करतात. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्याला धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक, दोन मुलांची आई, वयाची सवलत घेऊन परीक्षेला बसल्या, चेन्नईच्या अकादमीत विशीतल्या मुलींबरोबर धावल्या आणि सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या. आपल्या तेलंगणातल्या सूर्यापेटचे कर्नल संतोष बाबू जून २०२० मध्ये गलवानला गेले. राज्य सरकारने त्यांच्या पत्नीला उपजिल्हाधिकाऱ्याची नोकरी दिली आणि पाच कोटींपैकी चार कोटी पत्नीच्या हाती, एक कोटी आईवडिलांच्या हाती, असे वेगवेगळे धनादेश दिले. वेगवेगळे दिले ही गोष्ट मला रकमेपेक्षा मोलाची वाटते. सासू-सुनेमध्ये नंतर जे होतं ते आपल्याला काही नवीन नाही. मुलगा दोघींचा गेलेला असतो आणि पैसा एकीच्याच नावावर येतो. मग दोघीही एकमेकींना वाईट दिसू लागतात. आधीच वाटणी लिहून ठेवली तर निदान त्या एका कारणाने घर फुटत नाही.

पदकाचा विषय निघाला म्हणून एका बाईची आठवण. परमवीर चक्राची घडण सावित्री खानोलकर यांनी केली. मूळच्या स्वित्झर्लंडच्या, विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी १९३२ मध्ये लग्न करून इथल्या झाल्या, संस्कृत आणि पुराणं शिकल्या. दधीची ऋषींच्या अस्थींच्या वज्रावरून त्यांनी पदकावर चार वज्रं घेतली. पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मांना मरणोत्तर मिळालं, ते कुमाऊं रेजिमेंटचे. आणि ही रेजिमेंट १९४५ पर्यंत हैदराबाद रेजिमेंट म्हणून ओळखली जायची, म्हणजे आपल्या रेसिडेन्सीच्या त्या कंटिंजंटचीच वंशज. शर्मा हे सावित्रीबाईंच्या मुलीचे दीर. पदक घडवणाऱ्या बाईने ते स्वतःच्या व्याह्यांच्या घरात जाताना पाहिलं. सैनिकांच्या कुटुंबांसाठी, युद्धविधवांसाठी त्या पुढेही काम करत राहिल्या. पदकाचा फोटो सगळ्यांना ठाऊक, हे काम कोणाला ठाऊक नाही.

मोठ्या हुद्द्याच्या, मोठ्या लढाईच्या बातम्या येतात. मला मात्र शिपाई-नाईक-हवालदारांच्या म्हाताऱ्या बायका दिसतात. गोळकोंड्याला तोफखान्याचं केंद्र आहे, सिकंदराबादला मोठी छावणी आहे. त्यामुळे सातारा-सांगली-कोल्हापूरकडची कितीतरी मराठी कुटुंबं निवृत्तीनंतर याच शहरात राहिली. त्यांतल्याच एक बाई आमच्या गल्लीत राहतात, आम्ही त्यांना मावशी म्हणतो. त्यांचे हवालदार यजमान गेल्यावर कुटुंबपेन्शनचा अर्ज केला तर तो एका कार्यालयातून परत आला. कारण? फौजेच्या नोंदीत बायकोचं नाव हौसाबाई. आधार कार्डावर लक्ष्मीबाई.

आपल्याला कारण लगेच कळतं. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहायची आपली रीत. सगळ्यांनी पेढे खाल्ले, उखाणा झाला, हौसाची लक्ष्मी झाली. यजमान तेव्हा नवे भरती झालेले, रजा संपवून परत गेले आणि पलटणीच्या कारकुनाने विचारलं तेव्हा त्यांनी तोंडात बसलेलं माहेरचं नाव सांगितलं. फौजेत लग्न झालं, मूल झालं की त्याची नोंद 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये होते. ती झाली की बायको सरकारच्या लेखी बायको, ती चुकली की चुकली. चाळीस वर्षं कोणी तो कागद उघडला नव्हता. बालपरवेशीच्या वहीत आईचं नाव नव्हतं, इथे होतं, पण दुसऱ्याच बाईचं वाटावं असं.

मी त्यांच्याबरोबर तीन-चारदा गेले. मावशींना हिंदी येतं, इंग्रजी नाही, आणि खिडकीपलीकडचा माणूस मान वर करून बोलत नाही. "मैं ही हौसा, मैं ही लक्ष्मी," त्या सांगत. "प्रूफ लाओ," तो म्हणे. प्रूफ कुठून आणणार? तांदूळ तर त्याच दिवशी गोळा केले होते. शेवटी सोमाजीगुड्याला सैनिक कल्याण खात्याच्या कार्यालयात एका माजी सुभेदारांनी सगळं नीट सांगितलं. दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र, माहेरच्या गावच्या ग्रामपंचायतीचा दाखला, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरचं आईचं नाव, आणि मग रेकॉर्ड ऑफिसला अर्ज. त्यांनी स्वतः मसुदा लिहून दिला. पैसे विचारले तर हात जोडले.

तेव्हा कळलं की तिथे आणखी बरंच काही मिळतं. पेन्शन नसलेल्या म्हाताऱ्या विधवेला मदत, हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या माजी सैनिकाच्या मुलीच्या लग्नाला मदत, मुलांच्या शिक्षणाला मदत. औषधपाण्यासाठी ईसीएचएसचा दवाखाना आहे, तिथे पत्नीचं वेगळं कार्ड निघतं. मागायला यावं लागतं, एवढंच. आपोआप घरी काही येत नाही.

आमच्या महिला मंडळात सैनिकांच्या घरच्या पाच-सहा जणी आहेत. त्यांना मी डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा कागद, ज्याला पीपीओ म्हणतात, घेऊन यायला सांगितलं. दोघींची नावं वेगळी निघाली. एकीची जन्मतारीख नोंदीत नव्हतीच. या तिघींचे यजमान हयात आहेत, त्यामुळे दुरुस्तीला त्यांची एक सही पुरली. तुमच्या शेजारी असं घर असेल तर जेवणखाण आवरल्यावर दुपारी एकदा तिच्याकडे जा आणि तो कागद बघायला मागा. पतीपत्नीचं खातं जोडखातं आहे का, तेही विचारा.

मावशींचं काम चौदा महिन्यांनी झालं. कागदावर आता त्यांची दोन्ही नावं आहेत, मध्ये 'उर्फ' लावून. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच मला सांगितलं की हौसा हे नाव त्यांच्या आजीने ठेवलं होतं, आणि लग्नानंतर त्या नावाने त्यांना हाक मारणारे एकटे हवालदारच होते.